पत्रांतील रिकामी चौकट

निरोप पोंचविण्याचें कोणतेंहि नवें साधन जन्मास आलें, कीं त्याच्याबरोबर त्याची एखादी खोडहि जन्मास येते. टपालाबरोबर गहाळ झालेलें पत्र आलें, तारेबरोबर एका अक्षराच्या चुकीनें भलताच अर्थ देणारी तार आली, आणि ई-मेलबरोबर न दिसणारें चित्र आलें. बँकेची मासिक पत्रिका, शाळेनें पालकांस धाडलेलें वृत्त, परदेशांतील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचें गणेशोत्सवाचें निमंत्रण, यांपैकीं कांहींहि सकाळीं उघडावें, तों मजकुराच्या मध्येंच एक पांढरी चौकट बसलेली आढळते. तिच्या कोपऱ्यांत फाटक्या चित्राची बारीकशी खूण असते, आणि बाकी सारें कोरें. घरांतील वडील माणसें म्हणतात, यंत्र बिघडलें. मुलें म्हणतात, नेट मंद आहे. ज्यानें पत्र पाठविलें तो तर शपथेवर सांगतो, कीं त्याच्याकडे तें चित्र स्वच्छ दिसत आहे. बहुतेक वेळां तिघांचेंहि म्हणणें अपुरें असतें. ही चौकट रिकामी कां राहते याचा खुलासा यंत्राच्या पोटांत नसून गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत आहे. आणि मराठी वाचकांच्या बाबतींत त्या इतिहासाला एक स्वतंत्र व अंमळ दुःखद असा फांटा फुटलेला आहे.

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशीं चितेगांव नांवाचें गांव आहे. चित्र लोकांपर्यंत नेण्याच्या दोन अगदीं निराळ्या रीती या एका रस्त्याच्या आश्रयानें नांदल्या, आणि त्या दोन्ही ध्यानांत घेतल्या म्हणजे ई-मेलमधील कोडें अर्धें उलगडतें.

पहिली रीत पैठणची. कलेचे अभ्यासक ज्यांना ‘पैठण शैली’चीं चित्रें म्हणतात, तीं चित्रकथ्यांचीं चित्रें होत. रामायण-महाभारतांतील प्रसंग सुट्या कागदांवर रंगवावयाचे, दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटवावयाचे, त्यांची चळत पोथीसारखी बांधावयाची, आणि गांवोगांव हिंडून एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरीत कथा गावयाची, असा हा व्यवसाय. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर समाजानें ही परंपरा अद्यापि जिवंत ठेविली असून, तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं ‘पद्मश्री’ हा सन्मान जाहीर झाला. चित्रकथ्याच्या रीतींत चित्र हें शब्दाबरोबरच, एकाच माणसाच्या बगलेंतून येतें. कथा पोंचली आणि चित्र मागें राहिलें, असें तेथें होतच नाहीं.

दुसरी रीत खुद्द चितेगांवची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवच्या हद्दींत व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि दूरचित्रवाणीच्या संचांमुळें त्या कंपनीचें नांव घरोघर झालें. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९८२ सालीं पडद्यावर रंग आले. संच घरीं आणणाऱ्यास वाटे कीं आपण चित्रच विकत आणलें. वस्तुतः त्या पेटींत चित्र नसतें. तें दूरच्या केंद्रावर असतें, आणि पेटी तें आकाशांतून बोलावून घेते. म्हणूनच पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसूं लागल्या, तर जाणता कारागीर पहिल्या धडाक्यास पेटी उघडीत नसे. तो आधीं शेजारच्या घरीं चित्र येतें कीं नाहीं हें विचारी, मग गच्चीवरचा ॲंटेना पाही, मग तार तपाशी, आणि सर्वांत शेवटीं पेटीस हात लावी. २०१८ सालीं ही कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली. परंतु कारागिरांची ती तपासणीची शिस्त पुढें सांगावयाच्या विषयांत जशीच्या तशी उपयोगीं पडते.

एक चित्र बरोबर आणलेलें, दुसरें बाहेरून बोलावलेलें. छपाईच्या धंद्यांतहि हा भेद एका निराळ्या रूपानें होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं पुण्यास स्थापिलेल्या चित्रशाळेचीं चित्रें दगडावर छापलीं जात, आणि मासिकांतील मजकूर शिशाच्या खिळ्यांवर. दगड सपाट व खिळा उठावाचा, तेव्हां दोन्ही एका चौकटींत बसणें शक्य नसे. चित्राचा कागद निराळा छापून अंकांत घालावा लागे, आणि तो गळूनहि पडे. जाळीचे उठावदार ब्लॉक आले तेव्हां कोठें खिळा व चित्र एकाच फर्म्यांत आवळतां येऊं लागले. हें काम शिकलेल्या मंडळींत पुढें १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके हेहि होते. म्हणजे शब्द व चित्र यांची गांठ घालणें हें कोणत्याहि काळीं आपोआप घडलेलें नाहीं. त्यासाठीं प्रत्येक वेळीं कोणी तरी कांहीं तरी नवी युक्ति काढावी लागली.

ई-मेलचेंहि तसेंच झालें. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलें पत्र पाठविलें, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’ हें चिन्ह बसविलें. त्या पत्रांत चित्रास जागा नव्हती. १९८२ सालीं पत्रें वाहून नेण्याचे जे नियम ठरले, ते सात बिटांच्या संकेतावर उभे होते. सात बिटांत १२८ खुणा मावतात, आणि त्यांत रोमन लिपीचीं लहान-मोठीं अक्षरें, अंक व विरामचिन्हें बसवितांच जागा संपते. येथें एक गोष्ट ठळकपणें लक्षांत घ्यावयास हवी. या वाटेनें जसें चित्र जाऊं शकत नव्हतें, तसें मराठी अक्षरहि जाऊं शकत नव्हतें. यंत्राच्या दृष्टीनें ‘क’ आणि गणपतीचें चित्र हीं दोन्ही सारखींच परकीं होतीं.

ही कोंडी १९९२ सालीं फुटली. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं ‘माइम’ या नांवाची पद्धति सिद्ध केली, आणि त्या वर्षीं ११ मार्च रोजीं बोरेनस्टाइन यांनीं आपल्या सहकाऱ्यांस एक पत्र पाठविलें. त्यासोबत ते ज्यांत गात असत त्या चौघां गायकांच्या मेळाचें छायाचित्र व त्यांचें गाणें होतें. युक्ति साधी होती. चित्रांतील प्रत्येक तीन बाइटांचें चार साध्या अक्षरांत रूपांतर करावयाचें, तीं अक्षरें नेहमींच्या पत्राप्रमाणें पाठवावयाचीं, आणि पलीकडे त्यांचें पुन्हां चित्र करावयाचें. पत्राचा भार त्यामुळें एक-तृतीयांशानें वाढे, परंतु चित्र पत्राच्या पोटांतच जाई. ही चित्रकथ्याची रीत झाली. पत्र पोंचलें म्हणजे चित्र पोंचलें.

तीच रीत पुढें चालू राहिली असती, तर रिकामी चौकट कदाचित् जन्मासच आली नसती. ती मागें पडण्याचें कारण वाटेची अरुंदता. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसह कांहीं मोठ्या शहरांत जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या साह्यानें तें वापरावें लागे. सेकंदास ९,६०० बिट, हा त्या वेळच्या जोडणीचा एक नेहमींचा वेग. या वेगानें ५० किलोबाइटांचें एक साधें चित्र उतरावयास पाऊण मिनिट लागे, आणि तेंच पत्राच्या पोटांत घातलें तर भार वाढून जवळजवळ एक मिनिट. दहा चित्रांच्या पत्रिकेस दहा मिनिटें, आणि टेलिफोनचें मोजमाप चालूच! विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या स्वस्त खात्यांत तर चित्र मुळींच दिसत नसे, केवळ अक्षरें दिसत. अशा काळांत प्रत्येकाच्या पत्रपेटींत चित्रांचीं ओझीं टाकणें हा अविचारच ठरला असता.

यावर तोडगा एका दुसऱ्या क्षेत्रांतून आला. २५ फेब्रुवारी १९९३ रोजीं इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रांत काम करणाऱ्या मार्क ॲंड्रीसन या तरुणानें वेबच्या पानांत चित्र दाखविण्याची एक सोपी खूण सुचविली. पानांत चित्र ठेवावयाचें नाहीं, फक्त चित्राचा पत्ता लिहावयाचा. वाचणाऱ्याचें यंत्र त्या पत्त्यावर जाईल आणि चित्र घेऊन येईल. त्याच वर्षीं आलेल्या ‘मोझेइक’ या दर्शकामुळें ही खूण जगभर रुळली, आणि दशक संपतां संपतां वेबच्या पानासारखीं सजविलेलीं पत्रेंहि ई-मेलनें जाऊं लागलीं. आतां पत्र हलकें राही, एकच चित्र एका सर्व्हरवर ठेवून हजारों लोकांस त्याचा पत्ता देतां येई. चित्रकथ्याची रीत जाऊन चितेगांवच्या पेटीची रीत आली. आज जीं वृत्तपत्रें व पत्रिका ई-मेलनें येतात, त्यांतील बहुतेक चित्रें पत्राबरोबर आलेलीं नसतात. पत्र उघडतांच वाचकाचें यंत्र तीं बाहेरून मागवितें, आणि बाहेरचा तो पुरवठा कोठेंहि तुटला, कीं चौकट रिकामी राहते.

याच सुमारास मराठीचा तो निराळा फांटा फुटला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेंत व इतरत्र भारतीय लिप्यांसाठीं मोठें काम चालू होतें. ‘इस्की’ हा भारतीय संकेत १९९१ सालीं प्रमाण ठरला होता, आणि त्याच वर्षीं आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळालें होतें. परंतु घरांतील व कचेरींतील यंत्रांपर्यंत हें काम पोंचावयास वेळ लागला. तोंपर्यंत ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’, ‘श्रीलिपी’ असे टंक वापरांत होते. यांतील अक्षर डोळ्यांना मराठी दिसे, परंतु यंत्राच्या हिशेबीं तें रोमन अक्षरच असे, ज्यावर मराठीचा मुखवटा चढविलेला. पाठविणाऱ्याजवळ जो टंक, तोच वाचणाऱ्याजवळ नसला, कीं मुखवटा गळून पडे आणि ‘सप्रेम नमस्कार’ याच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा दिसे.

यावर मराठी माणसानें जो उपाय काढला, तो त्या परिस्थितींत शहाणपणाचाच होता. सबंध निमंत्रण टंकून त्याचें चित्र करावयाचें, आणि तें चित्र पाठवावयाचें. चित्रास टंक लागत नाहीं. तें पुण्यांत जसें दिसतें, तसेंच पिट्सबर्गांत व दुबईंत दिसतें. वेबवरील मराठी दैनिकांनीं आपले अंक पानांच्या चित्रांच्या रूपानें दाखविले, मंडळांनीं आपलीं वृत्तें चित्रांतून धाडलीं, लग्नपत्रिका, सभेच्या नोटिसा, निधनवार्ता, सर्व कांहीं चित्र झालें. जें अक्षर दिसत नव्हतें, त्यानें चित्राच्या घरांत आसरा घेतला.

पुढें अक्षराची अडचण दूर झाली. २००० सालच्या विंडोजमध्यें देवनागरीची सोय आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा टंक आला. त्याचें रेखाटन मुंबईचे अक्षरतज्ज्ञ रघुनाथ कृष्ण जोशी यांचें. पुढील दहा-बारा वर्षांत मोबाइलवरहि युनिकोड मराठी नीट दिसूं लागली. आसऱ्याची गरज संपली, परंतु संवय राहिली. आजहि असंख्य मराठी संस्था आपला सबंध मजकूर एका चित्रांत भरून पाठवितात, कारण वीस वर्षांपूर्वीं तसें करणें शहाणपणाचें होतें.

आणि नेमक्या त्याच वीस वर्षांत चित्राच्या घराचीं दारें बंद होत गेलीं होतीं.

हें असें घडलें. चित्र बाहेरून मागवावयाचें म्हणजे मागणी करावी लागते, आणि मागणी करणाऱ्यास आपला ठावठिकाणा सांगावा लागतो. तसें न केलें तर चित्र पाठवावें कोठें? वाचकानें पत्र उघडलें, कीं ज्या सर्व्हरवर चित्र आहे त्याच्या वहींत नोंद होते: अमुक वेळीं, अमुक इंटरनेट-पत्त्यावरून, अमुक प्रकारच्या यंत्रानें चित्र मागितलें. पत्ता प्रत्येक वाचकासाठीं निराळा बनविला, तर कोणत्या माणसानें पत्र उघडलें हेंहि कळतें. जाहिरातदारांच्या हें तत्काळ ध्यानीं आलें. त्यांनीं पत्रांत एका ठिपक्याएवढें, पारदर्शक, कोणासहि न दिसणारें चित्र घालण्यास आरंभ केला. त्याचें काम दिसणें हें नव्हतेंच, पाहणें हें होतें. १९९९ सालीं रिचर्ड स्मिथ या अमेरिकन संशोधकानें ‘वेब बग’ या नांवानें या प्रकाराचा बोभाटा केला. भुरट्या जाहिराती लाखोंनीं सोडणाऱ्यांना तर ही पर्वणीच होती. ज्या पत्त्यावरून ठिपका मागविला गेला, तेथें जिवंत माणूस आहे हें त्यांस कळे, आणि मग त्या पत्त्यावर जाहिरातींचा मारा दुणावे.

पोस्टमननें दिलेलें पत्र वाचकानें कधीं फोडलें, किती वेळां वाचलें, कोणत्या गांवीं बसून वाचलें, हें पाठविणाऱ्यास परस्पर कळावें, अशी कल्पनाहि टपालाच्या काळांत कोणी सहन केली नसती. ई-मेलमध्यें तें वर्षानुवर्षें निमूटपणें चाललें होतें. म्हणून पत्र वाचण्याच्या साधनांनीं दार लावून घेतलें. २००३ सालच्या ‘आउटलुक’मध्यें बाहेरचीं चित्रें आपण होऊन मागविणें बंद करण्यांत आलें. वाचकानें अनुमति दिली तरच चित्र येई. १ एप्रिल २००४ रोजीं आलेल्या ‘जीमेल’नेंहि आरंभीं हेंच धोरण ठेविलें. डिसेंबर २०१३ मध्यें गूगलनें मध्यम मार्ग काढला. चित्र वाचकाच्या यंत्राऐवजीं गूगलचा सर्व्हर मागवूं लागला व तेथून तें वाचकास दाखवूं लागला, त्यामुळें वाचकाचा इंटरनेट-पत्ता झांकला गेला. सप्टेंबर २०२१ मध्यें ॲपलनें आणखी एक पाऊल टाकलें. त्यांच्या पत्र-ॲपमधील ही सोय वाचकानें स्वीकारली, तर पत्र उघडलें जावो वा न जावो, चित्रें पडद्याआडून आधींच मागविलीं जातात, आणि कोणी केव्हां वाचलें याचा हिशेब पाठविणाऱ्यास लागत नाहीं.

तात्पर्य, रिकामी चौकट म्हणजे दर वेळीं बिघाड नव्हे. पुष्कळदां ती लावून घेतलेली खिडकी असते, आणि ती वाचकाच्या हितासाठीं लावलेली असते. परंतु मराठी पत्राच्या नशिबीं यामुळें दुहेरी संकट आलें. इंग्रजी पत्रिकेंतील चित्र गेलें, तरी मजकूर उरतो. ज्या मराठी पत्रिकेचा मजकूरच चित्रांत आहे, तिच्यांतील चित्र गेलें कीं सारेंच गेलें. शिवाय केवळ चित्राचेंच बनलेलें पत्र जाहिरातबाजांचें असावें, असा संशय घेऊन पत्रपेटीची चाळणी तें परस्पर अडगळींत टाकण्याचाहि संभव असतो.

तरीहि चौकट रिकामी राहण्याचीं सर्व कारणें वाचकाच्या बाजूस नसतात, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. समजा, चितेगांवांतील एखाद्या शाळेनें स्नेहसंमेलनाची पत्रिका दोनशें पालकांस ई-मेलनें पाठविली, आणि चित्रें दिसत नाहींत अशा तक्रारी येऊं लागल्या. येथें संच दुरुस्त करणाऱ्या कारागिराचाच क्रम धरावा. पहिला प्रश्न शेजाऱ्याचा: चित्र एकालाच दिसत नाहीं, कीं सर्वांनाच? एकालाच दिसत नसेल, तर त्याच्या पडद्यावर ‘चित्रें दाखवा’ अशा अर्थाची ओळ आहे काय तें पाहावें. ती दाबतांच चित्र आलें, तर खिडकी लावलेली होती, दुसरें कांहीं नाहीं. त्या पालकानें शाळेचा पत्ता आपल्या ओळखीच्या पत्त्यांत घातला, तर पुष्कळ साधनांत पुढच्या खेपेस हा प्रश्न उद्भवत नाहीं. कचेरीच्या यंत्रावर दिसत नाहीं आणि घरच्या मोबाइलवर दिसतें, असें असेल, तर कचेरीच्या पहाऱ्यानें बाहेरचीं चित्रें अडविलीं आहेत असें समजावें.

शाळेच्या यंत्राखेरीज कोणालाच दिसत नसेल, तर दोष पाठविण्यांत आहे. सर्वांत नेहमींचा दोष असा, कीं चित्राचा पत्ता म्हणून शाळेच्याच संगणकावरील फडताळाचा पत्ता लिहिला गेलेला असतो. शाळेंत तें चित्र दिसतें, कारण तें तेथेंच आहे. पालकाचें यंत्र त्या पत्त्यावर जाऊं शकत नाहीं. म्हणूनच पाठविणाऱ्यानें स्वतःच्या पडद्यावर कधींहि विश्वासूं नये. पत्र आधीं दुसऱ्या माणसाच्या, दुसऱ्या जोडणीवरच्या यंत्रावर उघडून पाहावें. दुसरा दोष कुलुपाचा. चित्र इंटरनेटवरील एखाद्या सामायिक कपाटांत ठेविलेलें असतें, परंतु तें सर्वांस खुलें केलेलें नसतें. तें खुलें करून उपयोग होतोच असें नाहीं, कारण कपाटाचा दुवा हा कपाटाच्या पानाचा पत्ता असतो, खुद्द चित्राचा नसतो. तिसरा दोष पत्ता लिहिण्याचा. फायलीच्या नांवांत मोकळी जागा अथवा देवनागरी अक्षरें असलीं, किंवा मोठ्या रोमन अक्षराच्या जागीं लहान अक्षर पडलें, तर कित्येक सर्व्हरांना तें चित्र सांपडत नाहीं. चौथा दोष चित्राच्या जातीचा. आयफोननें २०१७ पासून स्वीकारलेली ‘हेइक’ जात, किंवा रेघांनीं बनलेली ‘एसव्हीजी’ जात, हीं सर्वत्र दिसत नाहींत. ‘जेपीजी’ व ‘पीएनजी’ या जुन्या जातींवर भरंवसा ठेवावा. पांचवा दोष साधनाच्या स्वभावाचा. २००७ सालच्या आउटलुकनें पत्र रंगविण्याचें काम ‘वर्ड’च्या यंत्रणेकडे सोंपविलें, तेव्हांपासून मजकुरामागें पार्श्वभूमि म्हणून घातलेलीं चित्रें तेथें गायब होऊं लागलीं. आणि पत्राचा सांगाडाच १०२ किलोबाइटांहून मोठा झाला, तर जीमेल उरलेला भाग कापून एका दुव्यामागें ठेवतें, त्यांत शेवटचीं चित्रेंहि जातात.

आणखी एक दोष असा आहे, कीं जो पाठविण्याच्या दिवशीं दिसतच नाहीं. बोलावून आणावयाचें चित्र जेथें ठेविलें आहे, तें घर उद्यां असेलच असें नाहीं. ‘जिओसिटीज’ हें फुकट पानें देणारें स्थळ २००९ सालीं बंद झालें, आणि त्यावर विसंबलेलीं चित्रें सर्वत्र एकदम नाहींशीं झालीं. २०१७ सालीं ‘फोटोबकेट’ या चित्रांच्या कोठारानें बाहेरच्या पानांत फुकट चित्रें पुरविणें थांबविलें, तेव्हां जगभर असंख्य चित्रांच्या जागीं एकच कंटाळवाणी सूचना दिसूं लागली. चित्रशाळेचा १८७८ नंतरचा कागद आज पिवळा पडला असेल, फाटला असेल, परंतु ज्याच्या घरीं तो आहे त्याच्या घरीं तो आहे. मंडळाच्या दहा वर्षांपूर्वींच्या ई-मेलमधील उत्सवाचें चित्र मात्र, पत्र जपून ठेविलें असतांहि, हाताशीं असेलच असें नाहीं. जें स्मृति म्हणून जपावयाचें, तें चित्र पत्राच्या पोटांत जोडूनच पाठवावें. तेथें चित्रकथ्याची जुनी रीतच खरी.

एवढ्या सर्व काळजीनंतरहि कांहीं चौकटी रिकाम्या राहणारच. म्हणून खरा प्रश्न असा आहे, कीं चित्र न दिसलें तर वाचकाच्या हातांत काय उरतें? याचें उत्तर १९९५ सालच्या नियमांतच देऊन ठेविलेलें आहे. वेबच्या पानाची भाषा त्या वर्षीं जेव्हां लेखी ठरली, तेव्हां चित्राच्या खुणेबरोबर एक पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय तींत होती. चित्र न आल्यास त्या जागीं हे शब्द दिसतात. ‘स्नेहसंमेलनांत नाटक करणारीं सातवीचीं मुलें’ एवढें एक वाक्य तेथें लिहिलें, तर रिकामी चौकट मुकी राहत नाहीं. ही सोय तीस वर्षें उपलब्ध आहे, आणि मराठी पत्रांत ती क्वचित् वापरलेली आढळते.

जे वाचक डोळ्यांनीं वाचूं शकत नाहींत, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न सोयीचा राहत नाहीं, हक्काचा होतो. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं साधनें आतां मराठींतहि चालतात, आणि २००६ पासून विकसित होत असलेलें ‘एनव्हीडीए’ हें साधन तर फुकट मिळतें. तीं साधनें युनिकोड अक्षर वाचतात, पर्यायी मजकूर वाचतात; चित्रांत कोंडलेलें अक्षर मात्र त्यांना सहसा गवसत नाहीं. सभेची तारीख, वेळ व ठिकाण चित्रांत असेल, तर अंध सभासदास त्या सभेचें निमंत्रण मिळालेंच नाहीं असें म्हणावें लागेल, मग त्याचें नांव यादींत असो वा नसो. भारताच्या २०१६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें माहिती सर्वांस सुगम असण्यावर भर दिलेला आहे. तो सरकारी कचेऱ्यांपुरताच आहे, असें मानून गृहस्थांनीं व मंडळांनीं स्वस्थ बसूं नये.

या बाबतींत नभोवाणीची शिस्त डोळ्यांपुढें ठेवण्याजोगी आहे. मुंबईस १९२७ सालीं नियमित ध्वनिक्षेपण सुरू झालें, तेव्हांपासून नभोवाणीच्या वक्त्यास ‘हें पाहा’ असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. जें सांगावयाचें तें शब्दांतच आलें पाहिजे, ही अट त्यानें पाळली, आणि श्रोत्यांचें कांहीं अडलें नाहीं. ई-मेलनें पत्रिका पाठविणाऱ्यानेंहि आधीं तेवढेंच करावें. तारीख, वेळ, ठिकाण, नांवें व मुख्य मजकूर युनिकोड मराठींत सरळ लिहावा. प्रत्येक चित्रास पर्यायी शब्द द्यावे. आणि मग हवीं तेवढीं चित्रें शोभेसाठीं घालावीं. ज्या काळीं मराठी अक्षर दूरच्या पडद्यावर उमटत नव्हतें, त्या काळीं तें चित्राच्या आसऱ्यास गेलें, हें योग्यच झालें. आतां तें कोणत्याहि मोबाइलवर उमटतें. तेव्हां त्यास चित्रांतून सोडवून पुन्हां अक्षराच्या जागीं बसविणें, एवढें काम आजच्या पाठविणाऱ्यांकडे उरलें आहे, आणि त्यास खर्च कांहींहि येत नाहीं.